५, ९ आणि १४ वर्षांच्या लेकरांसाठी पुस्तकं कशी निवडायची?

तुम्ही विचारलंय की घरात तीन लेकरं आहेत, मुलगी ५ वर्षांची, मुलगा ९ चा आणि शिकायला तुमच्याकडं राहिलेली पुतणी १४ ची, सेलूला राहता, हाताशी २००० रुपये आहेत, तर कुणाला काय घ्यावं, आणि मुलगा मोबाईल सोडत नाही त्याचं काय करावं. मी शिक्षक नाही की लेखक नाही दादा. अंबाजोगाईत एका शाळेसमोर माझं झेरॉक्स अन् स्टेशनरीचं दुकान आहे, त्यात एक कप्पा लेकरांच्या पुस्तकांचा ठेवलाय. त्या कप्प्यासमोर आईबाप काय उचलतात अन् लेकरू कशाला हात लावतंय हे रोज बघतो आणि दोन्हीचा मेळ क्वचितच बसतो, त्यावरनं जे कळलं तेवढंच सांगतो.

आईबाप उचलतात सामान्य ज्ञान, थोर पुरुषांची चरित्रं, नाहीतर तीस दिवसांत इंग्रजी. लेकरू हात लावतं भुताच्या गोष्टीला, नाहीतर ज्याच्या कव्हरवर मगर जबडा उघडून बसलीय त्याला. मग बाप म्हणतो, "हे काय वाचायचं, कामाचं काहीतरी घे." लेकराचा हात मागं जातो, आणि पुढच्या वेळेस ते कप्प्याकडं बघतच नाही, सरळ पेनाच्या डब्याकडं जातं. मी दुसऱ्यांना काय नावं ठेवू, माझी पोरगी दुसरीत असताना एक सेल्समन दुकानात आला होता, बारा चरित्रांचा सेट, हप्त्यानं पैसे द्या म्हणाला, अन् मी घेतला. पोरगी आता १७ ची आहे, लातूरला नीटची तयारी करायलीय, आणि त्यातल्या नऊ पुस्तकांचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

कव्हरवर छापलेलं वय बघू नका, ते विकणाऱ्याच्या सोयीचं असतं. माझं म्हणणं असं की घरात दोन वेगळे ढीग करा. एक ढीग लेकरानं स्वतः वाचायचा, तो त्याच्या इयत्तेपेक्षा एक पायरी खालचा. दुसरा ढीग तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवायचा, तो दोन पायऱ्या वरचा असला तरी चालतो. कारण लेकराचा कान डोळ्याच्या लई पुढं असतो. तिसरीतलं पोरगं 'विद्यार्थ्यांच्या' असा एक शब्द फोडता फोडता घामाघूम होतं आणि शेवटाला पोचेपर्यंत वाक्य कुठून सुरू झालं तेच विसरतं, पण तेच पोरगं सप्त्यात कीर्तनाला मांडी घालून बसतं आणि दुसऱ्या दिवशी अख्खी कथा तुम्हाला सांगतं. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूत शिकले, मराठी वाचताना अडखळायचे, पण पांडवप्रतापातली कुठलीही कथा विचारा, तोंडपाठ, कारण सगळं श्रावणात ऐकलेलं. आपण करतो ते नेमकं उलटं, अवघड पुस्तक वाचायला देतो आणि वाचून दाखवणं पहिलीत गेलं की बंद करतो, 'आता तुला येतंय की वाचायला' म्हणून.

कोणतं पुस्तक कोणत्या ढिगात जाणार ते बघायची एक सोपी युक्ती आहे. मधलं कुठलं तरी पान उघडा, लेकराला वाचायला सांगा, अडला किंवा कळला नाही असा एकेक शब्द आला की एकेक बोट मोडायचं. पान संपायच्या आत पाची बोटं मोडली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायच्या ढिगात. एक-दोन मोडली तर द्या त्याच्या हातात. एकही नाही मोडलं तरी द्या, सोपं पुस्तक वाचल्यानं कुणाचं काही वाईट होत नाही.

आता तुमच्या ५ वर्षांच्या मुलीचं. तिला चित्र मोठं, पानावर एक-दोन ओळी, आणि तेच तेच वाक्य परत परत येणारी गोष्ट. ती एकच पुस्तक चाळीस वेळा वाचायला लावणार, तुम्हाला कंटाळा येणार, तरी वाचा. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' घ्या, घरातली माणसं आणि त्यांच्या सवयी, एवढंच आहे त्यात, आणि लेकरांना तेवढंच पाहिजे असतं. पैसे वाचवायचे असतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीवर म्हणून साईट आहे, तिथं मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यावर लेव्हल १ ते ४ लिहिलेलं असतं, १ म्हणजे नुकतंच वाचायला लागलेलं. त्यांनी उतरवून घ्यायला, छापायला परवानगीच दिलेली आहे. आता झेरॉक्सवाला हे सांगतोय म्हणजे धंद्याचं सांगतोय असं वाटेल, पण ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट काढा अन् रंग तिलाच भरू द्या, पुस्तक मग तिचं स्वतःचं होतं. (बाकी पुस्तकांची पूर्ण झेरॉक्स मारून द्या म्हणणारे पण येतात, ती मी मारून देत नाही.)

अजून एक, हे आपल्याकडच्या लोकांनी लक्षात घ्यावं असं वाटतं. पुस्तकातली लेकरं बोलतात पुण्यासारखं. आपलं लेकरू म्हणतं "मपलं हाय ते", अन् पुस्तकात असतं "ते माझं आहे". माझ्या पोरानं बालवाडीत असताना विचारलं होतं की पुस्तकातले लोक खोटं खोटं का बोलतात! तेव्हापासून वाचून दाखवताना गोष्टीतल्या माणसांच्या तोंडी मी सरळ आपली बोली घालायला लागलो, कोल्हा म्हणतो "आरं कुठं निघालास बे", ससा म्हणतो "तुपलं काय जातंय", पोरगं हसून हसून लोळायचं. नंतर स्वतः वाचायला लागल्यावर त्याला 'माझं' आपोआप कळलं, कुणी समजून सांगितलं नाही.

९ वर्षांचं वय सगळ्यात नाजूक, कारण वाचणारं पोरगं अन् न वाचणारं पोरगं इथंच वेगळं होतं. चित्रं कमी होतात, अक्षर बारीक होतं, आणि आपण बरोबर याच वेळेस हात सोडतो. तुमचा मुलगा वाचतच नसेल तर कादंबरी नका आणू. 'किशोर' मासिक लावा, बालभारती काढते, १९७१ पासून चालू आहे, त्यात दोन पानांत संपणाऱ्या गोष्टी, कोडी, चित्रं, विज्ञानाचं काहीबाही सगळं असतं, एक नाही आवडलं तर दुसरं. जुने अंक नेटवर फुकट आहेत. त्यातनं जरा सरावला की फास्टर फेणे द्या, भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश, सायकल अन् त्याचं ते तोंडानं 'ट्टॉक्' करणं. ती पुस्तकं जुन्या काळातली आहेत, मोबाईल नाही काही नाही, पण माझ्या पोराला त्याचीच गंमत वाटली, "मोबाईल नव्हता म्हणून तर तो सारखा अडकतो" म्हणाला, आणि मला ते पटलं. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे पण चालतो, खोडकर पोरांना जास्त.

काही पोरांना गोष्ट आवडतच नाही, खरी माहिती पाहिजे असते, अशी पोरं 'वाचत नाहीत' म्हणून उगंच बदनाम होतात. आमचं धाकटं तसंच. माझी सासू औसा तालुक्यातली, तिनं एकदा किल्लारीचा भूकंप सांगितला, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले अन् पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. पोरगं दोन दिवस एकच विचारत होतं, जमीन हलली कशामुळं. मी गोष्टीची चार पुस्तकं बाजूला सारली अन् भूकंपावरचं एक पातळ पुस्तक आणून उशाला ठेवलं, काही बोललो नाही. ते संपलं, मग ज्वालामुखी, मग डायनासोर, आणि आता तो मला जांभा अन् बेसाल्ट या दगडांतला फरक सांगतो. तुमचा मुलगा मोबाईलवर नेमकं काय बघतोय ते आधी बघा. क्रिकेट असेल तर क्रिकेटचं, साप असतील तर सापांचं.

'श्यामची आई' सगळेच सुचवतील तुम्हाला, मी पण सुचवतो, पण वय चुकवू नका. मी पोरीला सातव्या वर्षी दिलं, तिनं कर्जवसुलीसाठी घरी येऊन बसलेल्या माणसाचा भाग वाचला अन् रडून पुस्तक फेकून दिलं. (आमच्या घरी पण तेव्हा सोसायटीचं कर्ज थकलेलं होतं, कदाचित त्यामुळं.) साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, ४२ रात्रींत सांगितलेल्या आठवणी आहेत, म्हणजे ते पुस्तक मुळातच रात्री बसून ऐकायचं आहे. अकरा-बाराच्या पुढं, रोज एक रात्र, तुम्ही स्वतः वाचा. तुमचा आवाज मधेच अडकला तरी अडकू द्या.

पुतणीचं जरा सांभाळून. १४ च्या लेकराला 'हे वाच, चांगलं आहे' म्हटलं की ते पुस्तक मेलं म्हणून समजा. आणि पुतणी म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहिलेलं लेकरू, ती नाही म्हणणार नाही, घेईल, ठेवून देईल. त्यात फाउंडेशनचा क्लास, टेस्ट सिरीज, आपल्याकडं लातूर पॅटर्नच्या नादात नववीपासूनच अवांतर वाचन म्हणजे पाप झालंय. तिच्यासाठी पुस्तकं आणा अन् कुठंतरी टाकून द्या, टीव्हीजवळ, जिन्यात. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', गुलामीत जन्मलेला अमेरिकेतला पोरगा कापसानं दमलेल्या जमिनीत भुईमूग घ्या म्हणून शेतकऱ्यांना सांगत फिरतो, कापूस अन् सोयाबीनमध्ये वाढलेल्या आपल्या लेकरांना ते अमेरिकेचं वाटतच नाही. नारळीकरांच्या विज्ञानकथा. 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ ची, लहानशी कादंबरी आहे, धनगरांच्या वस्तीवर गेलेला तरुण मास्तर अन् शेवटी दुष्काळ. माझी पोरगी २०१६ मध्ये आठ वर्षांची होती, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते तिनं टीव्हीवर बघितलेलं, आमच्या गल्लीत टँकरमागं घागर घेऊन पळालेली. ती कादंबरी तिनं पंधराव्या वर्षी वाचली अन् हॉस्टेलवरनं फोन करून एवढंच म्हणाली, "पप्पा, वस्ती रिकामी झाली." त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही, मी जेवलीस का विचारलं. भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा पण वाचू द्या तिला, भाव पडल्यावर बाजारात टोमॅटो तुडवणारा बाप आपल्याकडच्या कुठल्याही लेकराला समजून सांगावा लागत नाही.

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' आपल्या लातूरकडचंच, साहित्य अकादमी मिळालेलं, पण त्यातलं जगणं, भूक, पोलिसांची मारहाण फार उघडी आहे, सोळा-सतराच्या पुढं, आणि आधी तुम्ही वाचा. लपवू मात्र नका. आणि तिनं नारायण धारपांची भयकथा आणली, कुठली प्रेमकहाणी आणली, तर वाचू द्या. रद्दी वाचणारं पोरगं उद्या चांगलं वाचू शकतं, काहीच न वाचणाऱ्याचं मला काही सांगता येत नाही. 'काय शिकलीस त्यातनं' हा प्रश्न मात्र कधीच विचारू नका.

२००० चं म्हणाल तर सगळे एकदम घालवू नका. आधी हजार-बाराशेची घ्या, तिघांना घेऊन दुकानात किंवा प्रदर्शनात जा, प्रत्येकाला एक पुस्तक पूर्ण स्वतःच्या मर्जीचं, तुम्ही तोंड उघडायचं नाही. २०२२ ला उदगीरला साहित्य संमेलन होतं तेव्हा आम्ही असंच केलं, पोरानं जादूच्या खेळांचं एक फालतू पुस्तक घेतलं, मला लई जिवावर आलं होतं पैसे द्यायला, पण घरात सगळ्यात फाटलेलं पुस्तक आज तेच आहे. उरलेले पैसे तीन महिन्यांनी, कुणाला काय लागतंय ते कळल्यावर. आणि गावातल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घाला, वर्गणी किरकोळ असते, बाल विभाग कुलूप लावून ठेवलेला असेल तर सांगून उघडून घ्या, उघडतात.

मोबाईल हिसकून पुस्तक दिलं तर पुस्तक ही शिक्षा होते, ते नका करू. आमच्याकडं जमलं ते लाईटमुळं. उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट जाते, वायफाय बंद, मोबाईलची बॅटरी दुपारीच संपवलेली. तेव्हा मी गच्चीवर टॉर्च लावून भुताची गोष्ट वाचायला घेतो, आणि नेमकं विहिरीतनं हात वर आला की थांबतो, घसा बसला म्हणतो. पोरगं पुस्तक हिसकून घेतं अन् पुढचं स्वतः वाचतं, अडखळत, पण वाचतं.