ईमॅक्समध्ये जुनी आवृत्ती शेजारी उघडताना, आणि सारख्या दिसणाऱ्या ओळींबद्दल

तुमचे प्रश्न दोन. गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) ठेवलेल्या मराठी प्रकरणाची तीन बदलांपूर्वीची प्रत ईमॅक्स या मजकूर-संपादकात आत्ताच्या प्रतीशेजारी कशी पाहायची, आणि काही ओळी अक्षरन् अक्षर सारख्या असूनही बदललेल्या का दिसतात?

तुम्ही 'हेड~3' (HEAD~3, म्हणजे तीन कमिट मागची आवृत्ती; कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल) दिलंत आणि फरक रिकामा आला, कारण ते तीन कमिट सगळ्या रेपॉझिटरीचे, म्हणजे तिथल्या सगळ्या फाइलींचे मिळून, मोजले जातात. त्यांत तुमच्या प्रकरणाला हातही लागला नसेल. म्हणून आधी ते प्रकरण उघडून कंट्रोल-एक्स, व्ही, एल दाबा. फक्त त्या फाइलचे कमिट दिसतील. एखाद्यावर कर्सर नेऊन डी दाबलं की त्यात काय बदललं ते कळतं, एफ दाबलं की तेव्हाची अख्खी फाइल उघडते. हवा तो कमिट सापडला की त्याचा हॅश (ओळखीचा अक्षर-अंकांचा क्रमांक) कॉपी करा.

मग ऑल्ट-एक्स दाबून 'ईडिफ-रिव्हिजन' (ediff-revision) चालवा; ईडिफ हे ईमॅक्समधलं दोन प्रती ताडून पाहायचं साधन. पहिल्या आवृत्तीला तो हॅश द्या, दुसरी रिकामी सोडा. रिकामी म्हणजे आत्ताची प्रत. दोन्ही वरखाली आल्या तर उभी दांडी (|) दाबा, शेजारी-शेजारी येतात. एनने पुढचा फरक, पीने मागचा. जुनं वाक्य परत हवं असेल तर ए दाबा, ते आत्ताच्या प्रतीत येतं. चुकून दाबलं गेलं तर आर, बी दाबून ते मागे घ्या. या कळा ईडिफच्या छोट्या कंट्रोल खिडकीत असतानाच दाबा, नाहीतर ती अक्षरं तुमच्या मजकुरात उमटतील. आणि कंट्रोल-एक्स, व्ही, यू या वाटेला जाऊ नका; ती फाइलमधले बदल रद्द करायची आज्ञा आहे: तिथे 'हो' म्हटलंत की कमिट न केलेलं सगळं काम जातं.

आपण परिच्छेद सलग एका ओळीत लिहितो, त्यामुळे डीने दिसणाऱ्या अधिक-उणे चिन्हांच्या यादीत एका वेलांटीसाठी अख्खा परिच्छेद दोनदा छापला जातो. ईडिफ ओळीच्या आतला बदललेला भागही वेगळा रंगवतं, म्हणून मराठीसाठी मी तेच वापरतो.

आता सारख्या ओळी. त्यांत 'दुसऱ्या', 'पुऱ्या', 'येणाऱ्या' असं काही आहे का बघा. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, गिटला मात्र ते निराळे. एका अनुवादात सहकाऱ्याचा कळफलक वेगळा होता, तेव्हा मी दोन संध्याकाळी डोळे ताणून ओळी ताडून पाहिल्या होत्या. ओळखणं सोपं आहे: त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबरचं चिन्ह. अक्षराचा संकेतांक 2353 दिसला तर पहिला प्रकार, 2352 दिसला तर दुसरा. एक प्रकार ठरवा, ऑल्ट-% ने सगळीकडे बदला, आणि ही दुरुस्ती स्वतंत्र कमिटमध्ये ठेवा. मजकुराच्या खऱ्या बदलांत ती मिसळली, तर पुढच्या वेळी ईडिफ पुन्हा शेकडो ठिकाणी थांबेल.