पुरस्काराला फी लागत नाही

महिला दिन जवळ आला की सोलापूर शहरातून आणि तालुक्यांतून पुरस्कारांबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यातले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : नारीशक्ती पुरस्कार म्हणजेच पद्मश्री का? (बार्शी)

उत्तर : नाही. नारीशक्ती पुरस्कार केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा. 1999 मध्ये तो स्त्रीशक्ती नावाने सुरू झाला, आताचे नाव 2015 पासूनचे. पद्म पुरस्कारांचे काम गृह मंत्रालयाकडे. राहीबाई पोपेरे आणि सिंधुताई सपकाळ यांना आधी नारीशक्ती आणि नंतर पद्मश्री मिळाली, तिथून ही गल्लत होत असावी.

प्रश्न : पैसे किती मिळतात? (करमाळा)

उत्तर : 2020 आणि 2021 चे नारीशक्ती पुरस्कार कोरोनामुळे 8 मार्च 2022 ला एकत्र दिले गेले, तेव्हा 2 लाख रुपये आणि प्रमाणपत्र होते. पद्मला रोख रक्कम नसते.

प्रश्न : आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकतात. ‘राष्ट्रीय नारीशक्ती सन्मानासाठी निवड झाली, नोंदणीचे 11 हजार भरा’ असा त्यांना दिल्लीहून फोन आला. निमंत्रणावर तीन सिंहही आहेत. भरावेत का? (मोहोळ)

उत्तर : एक रुपयाही नाही. सरकारी नागरी सन्मानाला नोंदणी फी नाही, पासचे पैसे नाहीत, स्मरणिकेत जाहिरात देण्याची अट नाही. हळदीकुंकवाला बोलावून वाणाचे पैसे मागावेत तसला हा प्रकार. धंदा कसा चालतो ते पाहा. स्थानिक बातमीतून किंवा फेसबुकवरून नंबर मिळवतात, अर्जच केलेला नसताना ‘निवड’ कळवतात, ‘आजच भरा, जागा संपतायत’ म्हणून घाई करतात. मग सोबत येणाऱ्याचा पास, फोटो, व्हिडिओ यांचे पैसे वेगळे. कार्यक्रम भाड्याच्या सभागृहात, पाहुणा कुणीतरी ‘माजी’. खरा नारीशक्ती पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते दिला जात आला आहे. नावात ‘राष्ट्रीय’ कुणीही घालू शकतो, तीन सिंहांची राजमुद्रा मात्र नाही. तिच्या गैरवापराला 2005 च्या कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. असली विकतची प्रमाणपत्रे खऱ्या अर्जाला जोडली की चांगल्या कामावरही शंका येते. पैसे गेले असतील तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 ला फोन करा, बँकेला कळवा, व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे जा. ‘शेजारणीलाही मिळाला’ हा पुरावा नव्हे. शंका असेल तर निमंत्रण जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना दाखवा.

प्रश्न : अर्ज स्वतःच करता येतो का? वजन लागते म्हणतात. (कुंभारी)

उत्तर : वजन लागते ही ऐकीव गोष्ट. स्वतःचे नामांकन चालते. केंद्राच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर आधार घालून नोंदणी करायची. आधी त्या पुरस्काराचे नामांकन यंदा खुले आहे का ते तिथेच बघा. नारीशक्तीला वय किमान 25 लागत असे. पद्मसाठी कामाचे वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत मागतात, आणि गाडी अडते ती इथेच. ‘अहोरात्र झटत आहेत’ लिहून काही कळत नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, किती बायकांना, आधी काय होते आणि नंतर काय झाले, ते लिहा. उदाहरणार्थ, बिडी कामगार बायकांच्या वसाहतीत काम असेल तर किती जणींना दुसरे काम मिळाले, त्यातल्या किती आजही ते करतात. फेट्यातले फोटो नकोत. लेखापरीक्षण, बँक खात्याचा उतारा, ठरावाची प्रत जोडा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, साइट नेमकी तेव्हाच अडकते. भरण्याआधी मसुदा हिशेब जाणणाऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. पद्मसाठी चालेल? (सांगोला)

उत्तर : सरकारी नोकरीत असेपर्यंत नाही. सूट फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांना. नारीशक्तीची गोष्ट वेगळी : अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंह यांना हवाई दलाच्या सेवेत असतानाच तो मिळाला.

प्रश्न : ग्रामपंचायतीने अहिल्यादेवी होळकर पुरस्कार दिला. तो राष्ट्रीय का? (दक्षिण सोलापूर)

उत्तर : नाही, राज्य शासनाचा. पण खरा आहे. प्रमाणपत्राची प्रत अर्जाला जोडा.

प्रश्न : पद्मश्री मिळाल्यावर नावाआधी लिहिता येते? (पंढरपूर)

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच स्पष्ट केले आहे की ही उपाधी नव्हे. नावाच्या आधी किंवा नंतर लावता येत नाही. लेटरहेड छापायला टाकण्याआधी वकिलाला दाखवा.