रंगांचा शब्दकोश

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पुष्पचित्र आठवडाभर माझ्या टेबलासमोर टेकवून ठेवले होते. तांबडा म्हणजे आवेग, निळा म्हणजे विषाद, पिवळा म्हणजे आनंद, असा खुलासा तू सोबतच्या चिठ्ठीत केला आहेस. माझी अडचण तिथेच आहे. चित्राचा अर्थ असा कोष्टकात बसला, की ते दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण उरत नाही.

दृश्यापेक्षा स्वप्न आणि सूचकता चितारणाऱ्या प्रतीकवादी चित्रकारांपैकी फ्रान्सचा ओदिलों रदों (१८४०–१९१६) तू नीट अभ्यासावास. पन्नाशीपर्यंत तो प्रामुख्याने कोळशात आणि लिथोग्राफमध्ये, म्हणजे शिळाछापात, काम करत होता. रंगाने त्याच्या कामाचा ताबा घेतला तो १८९० नंतर. त्यामुळे रंग हाती घेण्याआधीच काळ्याच्या किती पायऱ्या असतात हे त्याच्या बोटांना ठाऊक झाले होते. तुझ्या चित्रातली तांबडी जास्वंद आणि तिच्यामागची हिरवी भिंत डोळे किलकिले करून पाहा: दोन्ही सारख्याच गडद आहेत, म्हणून तांबडा असूनही फूल पेटत नाही.

बर्गंडीतल्या एका सरदाराच्या भोजनगृहासाठी १९०१च्या सुमारास रदोंने केलेला भव्य पुष्पगुच्छ आज टोकियोच्या मित्सुबिशी इचिगोकान संग्रहालयात आहे. सुमारे अडीच मीटर उंचीच्या कॅनव्हासवर पेस्टलने, म्हणजे कोरड्या रंगखडूने, रंगवलेली ती निळी फुलदाणी फिकट, जवळजवळ रिकाम्या अवकाशात तरंगल्यासारखी दिसते, आणि मनाला जे हुरहुर लावते ते कुठल्याही एका फुलाच्या रंगापेक्षा त्या रिकामेपणामुळे, असे माझे मत आहे. तू मात्र भिंत, पडदा, टेबलाची कड, सगळेच भरून टाकले आहेस. शिवाय पेस्टल बोटाने इतके घोटू नये. कागदाचा खरखरीतपणा बुजला, की रंगाच्या भुकटीवरचे तेज मरते.

त्याची फुले हवेतून आलेली नव्हती, हेही लक्षात घे. तरुणपणी बोर्दोतल्या क्लावो या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने त्याला वनस्पतींचे सूक्ष्म जग दाखवले होते आणि पुढे पत्नी कामीय त्याच्यासाठी बागेतल्या फुलांची रचना करून देत असे. आधी पाकळी देठाला कशी चिकटते ते ठाऊक हवे, मगच ती धूसर करण्याचा अधिकार.

फुलांमधली त्याची ऑफिलिया, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधली पाण्यात बुडून मरणारी नायिका, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते चित्र मुळात उभ्या फुलदाणीचे होते. त्याने कागद आडवा फिरवला आणि तिथे बुडणारा चेहरा आणला. तूही हे चित्र एकदा आडवे करून पाहा, नवे काढ, आणि या वेळी चिठ्ठी न जोडता पाठव.

तुझा शुभेच्छुक