पॉट्सचा प्रकार कळून काय फरक पडतो? आम्हाला पडला

तुमच्या भाच्याला पॉट्स (उभं राहिलं की हृदयाचे ठोके फार वाढतात तो आजार) निघालाय, डॉक्टर म्हणतात "प्रकार कळून काय करायचंय, मीठ-पाणी वाढवा", आणि तुम्ही विचारताय की प्रकार ओळखायचा का, कसा. ओळखायचा. आमचं एक वर्ष याच वाक्यात गेलं.

आम्ही परभणीचे. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, लातूरला क्लासला. प्रार्थनेला उभी राहिली की छातीत धडधड, हात थरथर. रक्त, थायरॉईड, ईसीजी सगळं नॉर्मल. शेवटी पॉट्स ठरलं आणि सरसकट मीठ-पाणी सांगितलं. लेकरू मिठाचं पाणी पीत राहिलं, धडधड वाढतच गेली. आमचे थोरले भाऊ, मोंढ्यात आडत आहे त्यांची, चारचौघांत म्हणाले, "अभ्यास नको म्हणून नाटकं आहेत. लग्न लावून टाक, बरी होईल." ती आत दाराआड उभी होती. ते मी आजही विसरलो नाही.

मग संभाजीनगरच्या एका डॉक्टरांनी घरीच मोजायला लावलं. दहा मिनिटं आडवं, मग भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभं, टाचा भिंतीपासून जेमतेम वीतभर पुढे. कोरोनातला ऑक्सिमीटर बोटाला, बीपीचं मशीन दंडाला. आडवी असताना ठोके ७८, बीपी १०८/७०. आठव्या मिनिटाला ठोके १३१, बीपी १२४/८२. मोठ्या माणसाला ३० ठोक्यांची वाढ पुरते, १२ ते १९ वयात ४० लागते. तिची ५३ होती. पण डॉक्टरांचं बोट बीपीवर थांबलं. उभं राहिल्यावर वरचा आकडा १० किंवा जास्त वाढला, तर हायपरअ‍ॅड्रिनर्जिक प्रकाराचा, म्हणजे ताणाचं संप्रेरक जास्त सुटतं त्या प्रकाराचा, संशय घ्यायचा. मग आडवं असताना एकदा आणि उभं करून एकदा रक्त घेतलं. उभ्याचं नॉरएपिनेफ्रिन, म्हणजे तेच संप्रेरक, मिलीलिटरला ६०० पिकोग्रॅमच्या वर निघालं. वरचं मीठ बंद झालं, बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी करणारी गोळी, अगदी कमी मात्रेत सुरू झाली. दीड महिन्यात पोरगी प्रार्थनेला पूर्ण वेळ उभी राहिली.

बाकीचे दोन प्रकार थोडक्यात. न्यूरोपॅथिकमध्ये पायांचे बारीक मज्जातंतू बिघडतात, रक्त खाली साचतं, पावलांना घाम कमी येतो. त्यासाठी घामाची चाचणी असते. हायपोव्होलेमिकमध्ये अंगात रक्ताचं प्रमाणच कमी, तिथं मीठ-पाणी खरंच कामाचं.

हे प्रकार एकमेकांत मिसळतातही, एकाच माणसात दोन सापडतात, त्यामुळं एका आकड्यावर शिक्का मारू नका. आणि माझं वाचून मीठ किंवा गोळी आपल्या मनानं बदलू नका.

मोजलेलं मात्र मिनिटागणिक कागदावर लिहा. तो कागद डॉक्टरांना द्या आणि घरात जो कुणी "नाटक" म्हणेल त्याच्याही हातात द्या. मी भाऊंच्या हातात दिला होता. त्यांनी वाचला, घडी घालून परत दिला, बोलले काहीच नाहीत. पण त्यानंतर लग्नाचा विषय निघाला नाही.

आणि भाच्याला भिंतीशी एकटं उभं करू नका, कुणीतरी हाताच्या अंतरावर असू द्या. आमची आठव्या मिनिटालाच खाली घसरली होती.