इओसिनोफिल 38 टक्के, रात्रीचा खोकला, पंपाने फरक नाही. फुफ्फुसात जंत असू शकतात का?

तुमचा भाऊ 34 वर्षांचा, कळव्यात राहतो, भिवंडीत यंत्रमागावर कामाला. 3 महिने रात्री एक-दोनच्या सुमारास खोकत उठतो, छाती सूं-सूं वाजते. टीबीची थुंकी तपासणी निगेटिव्ह, दम्याचा पंप चालू आहे. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, एकूण पांढऱ्या पेशी 14,200, त्यातल्या इओसिनोफिल नावाच्या पेशी 38 टक्के.

हो, असू शकतात. फक्त पोटातल्या जंतांसारखे लांबलचक नव्हेत. हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि शरीर त्यांच्यावर इओसिनोफिलची फौज सोडतं. या आजाराला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात, डॉक्टरांच्या बोलण्यात टीपीई. टीबीशी त्याची गल्लत जुनीच आहे: 1940 साली मदनपल्लीच्या क्षयरुग्णालयातून त्याचं वर्णन झालं तेच 'टीबीसारखा भासणारा आजार' म्हणून. फुफ्फुसाच्या तुकड्यात मायक्रोफायलेरिया दिसायला मात्र 1960 उजाडलं, तेही वेल्लोरला.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा आणि खरा आकडा काढा. 14,200 गुणिले 38 भागिले 100, म्हणजे 5,396. निरोगी माणसात हा 500 च्या आत असतो, टीपीईत सहसा 3,000 च्या वर जातो. एकूण पेशी 5,000 असत्या तर त्याच 38 टक्क्यांचे 1,900 झाले असते आणि मी दुसरीकडे शोधलं असतं. मशीनचा आकडा असेल तर लॅबला रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. इओसिनोफिल ओळखायला सोपा: केंद्रकाचे दोन गोळे, चष्म्याच्या काचांसारखे, आणि भोवती नारिंगी दाणे खच्चून भरलेले.

यंत्रमागाच्या तुसानेही छाती भरते, पण तो त्रास सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी जास्त असतो आणि इओसिनोफिल इतके चढवत नाही.

आता तपासण्या. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीत आणि जंतांत वाढणारी अँटीबॉडी, टीपीईत 1,000 च्या पुढे), फायलेरियाच्या अँटीबॉडी, छातीचा एक्स-रे. एक्स-रेत मधल्या-खालच्या भागात बारीक ठिपके दिसतात. काहींचा अगदी साफ येतो, म्हणून साफ एक्स-रेवर निश्चिंत होऊ नका. हत्तीरोगासाठी रात्री 10 ते 2 दरम्यान रक्त घेतात, पण टीपीईत ते बहुधा निगेटिव्हच येतं, कारण पिल्लं फुफ्फुसातच मारली जातात. तो रिपोर्ट बघून 'फायलेरिया नाही' म्हणणं ही नेहमीची चूक. याशिवाय अ‍ॅस्परजिलस बुरशीचं आयजीई करून घ्या. त्या अ‍ॅलर्जीतही दमा, आयजीई आणि इओसिनोफिल तिन्ही वाढतात.

शौचाचा नमुना वेगवेगळ्या 3 दिवशी द्या, ताजा, तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचेल असा. स्ट्राँगिलॉइड्स या आतड्यातल्या जंताच्या अळ्या एका नमुन्यात बऱ्याचदा निसटतात. हे मी स्टिरॉइडमुळे सांगतोय. खोकला थांबावा म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात स्टिरॉइडची सुई मारतात, दोन दिवसांत बरं वाटतं, इओसिनोफिल धाडकन उतरतात आणि पुढचा रिपोर्ट खोटा दिलासा देतो. अंगात स्ट्राँगिलॉइड्स असेल तर स्टिरॉइडने त्याच्या अळ्या शरीरभर पसरतात, जिवावर बेतू शकतं. रक्त आणि शौच आधी, सुई नंतर.

टीपीईचं औषध डायइथिलकार्बामाझीन, डीईसी. रोज किलोमागे 6 मिलिग्रॅम, तीन भागांत, जेवणानंतर, 21 दिवस. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 360 मिलिग्रॅम. गोळी 100 ची असते, तेव्हा कमी-जास्त डॉक्टरच ठरवतील. घरोघरी येऊन देतात ती हत्तीरोगाची गोळी हेच औषध, पण तो वर्षातून एकदाचा डोस, त्याने टीपीई जात नाही. सुरुवातीला मळमळ, ताप, चक्कर येऊ शकते. गरोदर बाईला देत नाहीत. भाऊ कधी आफ्रिकेत राहिला असेल तर ते आधी सांगा. तिथले काही जंत अंगात असतील तर हे औषध डोळ्यांना किंवा मेंदूला इजा करू शकतं.

टीपीईच असेल तर आठवड्याभरात रात्रीची झोप लागायला लागते, आणि लोक नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. पूर्ण 21 दिवस घेऊनही साधारण पाचातल्या एकाला आजार उलटतो. म्हणून कोर्स संपल्यावर सीबीसी, महिन्याने पुन्हा सीबीसी, आणि फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी. वर्षानुवर्षं दमा समजून काढलेल्यांची फुफ्फुसं आतून कडक होतात, ती गोळीने मऊ होत नाहीत. पहिल्या दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर निदान बदला, डोस वाढवत बसू नका.

हा जंत पसरवणारा डास कुठला म्हणाल, तर क्युलेक्स. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, हा गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये. तुमच्या चाळीच्या टाकीच्या हवेच्या पाइपाला नायलॉनची जाळी तारेने आवळून बांधा आणि झाकणाच्या फटी सिमेंटने बुजवा.