जुन्या गाडीचं टोकन अडकलंय, डीलर परत देत नाही, काय करू?

ताई नमस्कार. तुमचं लांबलचक पत्र वाचलं, आधी माझ्या शब्दांत सांगतो म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही साताऱ्याच्या, डीलर चिंचवडचा. २०१७ ची डिझेल गाडी, ठरलेला भाव ४ लाख ३५ हजार. सेल्समन म्हणाला संध्याकाळी दुसरी पार्टी पैसे घेऊन येतीये, मिस्टरांना विचारायचं असेल तर टोकन टाकून विचारा, आणि तुम्ही तिथेच उभ्याउभ्या ३० हजार त्याच्या मोबाईल नंबरवर यूपीआयने आणि १० हजार कॅश दिले. पावतीवर ‘टोकन नॉन-रिफंडेबल’ असा शिक्का. रात्री घरी येऊन एमपरिवहनवर (गाडीची नोंद दाखवणारं सरकारी ॲप) गाडीचा नंबर टाकला तर व्हॉट्सॲपवर ‘सेकंड ओनर, पेपर क्लिअर’ सांगितलेली गाडी थर्ड ओनर, वर बँकेचा बोजा. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेसेज केला की ‘घरी नको म्हणतायत, टोकन परत करा’. आता तो म्हणतो पैसे विसरा, त्याच रकमेत दुसरी गाडी बघा. आणि तीच गाडी ऑनलाइन आता ४ लाख ४५ ला लावलीये.

पैसे मिळण्यासारखे आहेत. पण तुम्ही पत्रात सगळा जोर ‘नॉन-रिफंडेबल लिहिणं बेकायदेशीर आहे ना’ यावर दिलाय, आणि तिथेच बहुतेक लोक फसतात.

तो शिक्का म्हणजे काय ब्रह्मवाक्य नाही हे खरं. करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ७४ सांगतं की करार मोडला तर अमुक रक्कम जाईल असं लिहिलेलं असलं तरी समोरच्याला मिळते ती फक्त वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्ये फतेहचंदच्या केसमध्ये हेच भरलेली रक्कम जप्त करण्यालाही लावलं. पण त्याच केसमध्ये बयाण्याचे, म्हणजे टोकनसारखे आधी दिलेले, १००० रुपये विकणाऱ्याकडे राहिले, वरचे २४००० मात्र परत करावे लागले, कारण तेवढं नुकसान झाल्याचं दाखवता आलं नाही. मग १९६९ ची मौला बक्ष केस, लष्कराला बटाटे आणि कोंबड्या पुरवण्याचा ठेका होता, त्यात कोर्ट म्हणालं की वाजवी बयाणा जप्त केला तर तो दंड ठरत नाही. आता तुमचे ४० हजार म्हणजे ४ लाख ३५ हजाराच्या साधारण ९ टक्के. डीलरचा वकील उभा राहून म्हणणार, साहेब हा वाजवी बयाणाच आहे, बाईंनी मन बदललं, आमचं गिऱ्हाईक गेलं. नुसतं ‘मन बदललं’ एवढ्यावर तुम्ही गेलात तर काहीतरी कापलं जाण्याची शक्यता आहे.

याच्या उलट तुमच्या बाजूने २०१५ ची कैलाशनाथ केस आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने लिलावातल्या प्लॉटचे ७८ लाख जप्त केले आणि नंतर तोच प्लॉट कितीतरी जास्त भावाने विकला, तर कोर्टाने विचारलं मग नुकसान कुठे झालं, आणि पैसे ९ टक्के व्याजाने परत द्यायला लावले. म्हणून ती ४ लाख ४५ हजाराची जाहिरात फार कामाची आहे. आजच्या आज तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, कारण तुमची पैसे मागणारी नोटीस (ती कशी काढायची ते पुढे सांगतो) गेली की ती जाहिरात काढून टाकतील.

पण खरी भक्कम गोष्ट आहे ती ‘सेकंड ओनर’ असा लेखी मेसेज. पैसे जाण्याआधी आलाय का नंतर हे तुम्ही लिहिलेलं नाही, तेवढं वेळ बघून कळवा, म्हणजे मेसेजची वेळ आणि यूपीआयची वेळ दोन्ही. आधी आला असेल तर खोटं सांगून संमती घेतली असं होतं आणि करार कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा करार तुम्ही रद्द करू शकता, आणि करार रद्द झाला की घेतलेले पैसे ठेवायला त्याच्याकडे आधार उरत नाही. बोज्याचा मुद्दा त्यामानाने कच्चा, कारण जुन्या गाडीवर एचपी (हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) असणं ही रोजची गोष्ट, कधीकधी लोन फिटलेलं असतं आणि आरसीवरची एन्ट्री तेवढी काढायची राहिलेली असते, डीलर म्हणेल बँकेची एनओसी आणून एचपी कट करून देणारच होतो. गाडीचा कितवा ओनर हा आकडा मात्र असा बदलत नाही. गाडी विकायला ठेवणाऱ्याकडे आरसी असते, त्यामुळे माहीत नव्हतं असं म्हणायला तोंड राहत नाही.

इथे एक खाचखळगा आहे तो आधीच सांगून ठेवतो. कलम १९ ला एक अपवाद जोडलेला आहे, की साधी काळजी घेतली असती तर खरं कळलं असतं अशी परिस्थिती असेल तर करार रद्द करता येत नाही. डीलर हमखास म्हणणार की एमपरिवहन फुकट आहे, बाईंनी रात्री बघितलं तसं दुपारी का नाही बघितलं. उत्तर असं की हा अपवाद नकळत झालेल्या चुकीच्या माहितीला आणि लपवून गप्प बसण्याला लागतो, माहीत असून तोंडावर खोटं सांगितलं असेल तर लागत नाही. म्हणून नोटिशीत ‘चुकीची माहिती दिली’ असं गुळमुळीत लिहू नका, ‘आरसी तुमच्या ताब्यात असताना, माहीत असताना, सेकंड ओनर असं खोटं लिहून पाठवलं’ असं स्पष्ट लिहा.

आता तुमचा तो ‘घरी नको म्हणतायत’ मेसेज. तुम्ही विचारलंय डिलीट करू का. अजिबात नाही, त्याच्या फोनमध्ये तो आहेच आणि तुम्ही पुरावा पुसला असं दिसेल. त्या मेसेजने तुमची बाजू थोडी कमी होते पण संपत नाही, त्याने खोटं सांगितलं हे कारण त्या दिवशीही होतंच, तुम्ही भिडेखातर लिहिलं नाही एवढंच. आपल्याकडे बायका (आणि पुरुषही) नाही म्हणायचं झालं की घरच्यांचं नाव पुढे करतात, ग्राहक आयोगावर बसलेल्यांनाही हे माहीत असतं. फक्त आता लगेच दुसरा मेसेज करा की गाडी थर्ड ओनर आहे, तुम्ही सेकंड सांगितली होती, म्हणून व्यवहार रद्द करतीये, ४० हजार परत द्या. भांडू नका, धमकी नको, आणि यानंतर त्याच्याशी फोनवर बोलणं बंद, सगळं लेखी.

पैसे सेल्समनच्या पर्सनल नंबरवर गेले म्हणून मालक ‘तो पोरगा सोडून गेला, आमचा संबंध नाही’ म्हणेल का, तर म्हणेल. पण पावती फर्मची आहे आणि पूर्ण ४० हजारांची आहे, मग कॅशचाही प्रश्न मिटला. नोटीस फर्म, मालक आणि सेल्समन तिघांच्या नावे काढा. यूपीआयचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि बँक स्टेटमेंटचं ते पान काढून ठेवा. व्हॉट्सॲपचे प्रिंट लावाल तेव्हा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (फोनमधल्या इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते) सोबत जोडायचं, जुन्या कायद्यातलं ६५ब म्हणायचे तेच, आणि फोन बदलू नका.

अजून एक पाचर. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून ऑथोरायझेशन सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी डीलरकडे दिली की फॉर्म २९सी मध्ये ते ऑनलाइन कळवावं लागतं. नोटिशीत सरळ विचारा, तुमचा ऑथोरायझेशन नंबर काय, या गाडीचा २९सी भरलाय का. आरटीओ तुमचे पैसे काढून देणार नाही, पण कागद नसलेल्या डीलरला हा प्रश्न फार टोचतो, आणि खरं सांगायचं तर बरीच प्रकरणं नोटिशीच्या या परिच्छेदावरच मिटतात.

नोटीस स्पीड पोस्टने पाठवा (रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय), १५ दिवसांची मुदत द्या, ट्रॅकिंगचा प्रिंट जपा, पीडीएफ व्हॉट्सॲपवरही टाका. वकील पाहिजेच असं नाही. त्या १५ दिवसांत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, फुकट आहे, त्यांना हुकूम काढायचा अधिकार नाही पण कधीकधी तेवढ्यानेही काम होतं.

नाहीच ऐकलं तर ग्राहक आयोग, आणि त्यासाठी पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही साताऱ्यात, चिंचवडवाल्याला यावं लागेल. ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी शून्य, तक्रार ऑनलाइनही भरता येते, मुदत दोन वर्षं. ‘गाडी घेतलीच नाही मग ग्राहक कसल्या’ असं तो म्हणेल, तर थोडे पैसे देऊन बाकी द्यायचं कबूल केलेलाही कायद्याने ग्राहकच. तक्रार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या नावाखाली करा. ‘अनफेअर कॉन्ट्रॅक्ट’ हा शब्द इंटरनेटवर वाचून टाकू नका, ती तक्रार थेट राज्य आयोगाकडे जाते आणि तुमची फाईल उगाच लटकेल. मागणी ४० हजार, ९ टक्के व्याज, त्रासाचे आणि खर्चाचे माफक पैसे. मानसिक त्रासाचे ५ लाख लिहिणारे माझ्याकडेही येतात, त्याने काही वाढत नाही, उलट माणूस लोभी वाटतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय, प्रत्यक्षात जास्त लागतो हे मनाशी धरून चला.

तुमचे भाऊ म्हणतायत पोलिसात ४२० टाका. आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, आणि चौकीत तुम्हाला बहुतेक ‘हे सिव्हिल आहे’ म्हणूनच परत पाठवतील. हाच डीलर अजून चारपाच जणांची टोकन दाबून बसलाय असं कळलं तर वेगळी गोष्ट, तेव्हा सगळे मिळून जा.

नोटीस पोचली की फोन येईल, ‘मॅडम पाच हजार कापून घ्या, मिटवून टाकू’. माझं प्रामाणिक मत, ३५ हजार आठवड्यात खात्यात येत असतील तर घ्या, पाच हजारांसाठी वर्षभर तारखा करण्यात अर्थ नाही. दुसरी गाडी किंवा ‘क्रेडिट ठेवतो’ मात्र नको. चेक दिला तर फर्मच्या खात्याचा, तारीख टाकलेला घ्या, बाउन्स झाला तर कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची, वेगळी केस उभी राहते, त्याची नोटीस बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत द्यावी लागते. आणि पैसे खात्यात दिसेपर्यंत ‘माझं काही येणं नाही’ अशा कागदावर सही करू नका, मूळ पावतीही देऊ नका, मागितली तर झेरॉक्स द्या.