पावसात बेळगावहून गोव्यापर्यंत गाडीनं जाताना फोटो कसे काढायचे?
चोर्ला घाटानंच जावा, जांबोटी-कणकुंबीवरनं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथं धुकं दाट असलं की कॅमेरा पांढऱ्याचं करडं करतो म्हणून एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, प्लस एकपर्यंत वाढवा. आणि गाडीत एसी लावू नका हो, थंड लेन्स बाहेर काढली की लगेच वाफ धरते, पुसत बसेपर्यंत ढग निघून जातो. ओल्या पानांची चकाकी पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढं लावायचा फिल्टर, फिरवून कमी करा, हिरवा रंग काय सुंदर उतरतो! धबधब्याला ट्रायपॉड लावा, शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा. घाटाच्या वळणावर मात्र गाडी अजिबात थांबवू नका. पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या रंगीत भिंती पाऊस थांबल्या थांबल्या, रस्ता ओला असतानाच काढा. खिशात सुती रुमाल ठेवा, छत्री धरायला कुणी सोबत असलं तर उत्तमच.